बरणी आणि विटाळ

उन्हाळ्यात लहरीपुरा दरवाज्याच्या आसपास कैऱ्यांच्या राशी दिसू लागल्या की बडोद्यात घरोघरी बरण्या फळीवरून खाली येतात. शेजारच्या गुजराती घरी छुंदा उन्हात ठेवतात, मराठी घरी फोडींना मीठ लावतात, आणि आम्हां कोंकणी माणसांच्या घरी अख्ख्या कैऱ्या मिठात घालून वर दगड ठेवतात. त्यांना आम्ही 'चेपणीची तोरां' म्हणतो. रीती निराळ्या, पण दक्षता एकच : बरणीला ओला हात लागता कामा नये.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मला हळूच विचारले, "बाई, महिन्याच्या त्या चार दिवसांत मी शिवले, तर लोणचे खरेच नासते का?"

नाही, मुली, मुळीच नाही. पदार्थ आपोआप नासत नाहीत, सूक्ष्म जंतू ते नासवितात, हे १८६०च्या सुमारास लुई पाश्चर यांनी प्रयोगांनी दाखविले. मीठ फोडींतील पाणी ओढून घेते, आणि पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. कैरीचा आंबटपणा त्यांना आवरतो. वरचे तेल हवा अडविते, म्हणून बुरशी धरत नाही. ओला चमचा बुडाला की मिठाचा जोर उणावतो व नासाडी सुरू होते. हात कोणाचा, हे बुरशी विचारीत नाही. तो ओला की कोरडा, एवढेच तिला कळते.

मात्र नुसत्या तेलावर विसंबू नये. आंबटपणावाचून लसूण तेलात मुरत ठेवली, तर हवेवाचून वाढणारा बोटुलिनम नावाचा जंतू तीत घातक विष निर्माण करू शकतो, आणि ते वासावरून ओळखूही येत नाही. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असला की हा जंतू वाढत नाही. लिंबाचा रस वा शिरका घालण्यामागे केवळ चव नसते, ती अशी.

आपल्या आज्यांनी कोरडेपणाचा जो नियम घालून दिला, तो सोन्यासारखा आहे, तो जपावा. विटाळाची समजूत मात्र फोलकट आहे. ती पाखडून टाकावी. बडोदे संस्थानात १९०६ साली मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. त्याच नगरीत शिकलेली मुलगी स्वतःच्या घरातील बरणीपासून चार पावले दूर उभी राहावी, हे आपणांस शोभत नाही.

पालकांना एवढीच विनंती : येत्या उन्हाळ्यात बरणी भराल तेव्हा मुलीच्या हाती स्वच्छ, कोरडा डाव द्या. आणि मुलाच्याही.