लहान घरातील पारणे



पर्युषण सरत आले की तपस्वी असलेल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न उभा राहतो : पारणे कोठे करावयाचे? मुंबईत आपल्यापैकी अनेकांचा संसार एका खोलीत व एका स्वयंपाकघरात मावलेला आहे. पेढी मोठी आणि घर लहान, ही व्यापारी कुटुंबांची जुनीच रीत. घरी अठ्ठाई झाली की साता विचारावयास माणसे येणारच, आणि आपल्या ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, परात व पाण्याचे पातेले ठेवले की हात टेकावयासही जागा उरत नाही. मग सभागृह ठरते, आचारी ठरतो आणि पत्रिका छापल्या जातात.

आमच्या घरी चार वर्षांपूर्वी असेच झाले. थोरल्या सुनेची अठ्ठाई होती. लालबागच्या आमच्या खोलीत पाहुणे कोठे बसणार, व्याही मंडळी काय म्हणतील, या विचाराने मीच हट्टाने सभागृह घेतले. चारशे पाने उठली. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहिलेली ती मुलगी सजवलेल्या मंचावर बसली होती. जो तो येऊन तिला एक चमचा भरवीत होता : कोणी मुगाचे पाणी, कोणी शिरा, कोणी केशरी दूध. नको म्हणणे तिला शोभले नसते आणि थांबवणे मला सुचले नाही. दुपारपर्यंत तिला उलट्या झाल्या, घेरी आली. सायंकाळी उरलेल्या अन्नाची पातेली पाहिली तेव्हा तपाचे पुण्य कोणत्या खाती जमा झाले, याचा हिशेब मला लागेना.

गेल्या भाद्रपदात धाकट्या सुनेने अठ्ठाईचे पच्चक्खाण घेतले. तिसऱ्या दिवशीच ती म्हणाली, “आई, पारणे घरीच करू या. मला मंच नको.” थोरली शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. मात्र तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी होकार दिला.

मग आम्ही तिघींनी वही घेतली. लहान दुकान चालवणारा व्यापारी माल साठवीत नाही. थोडा आणतो आणि फिरता ठेवतो. लहान स्वयंपाकघराचाही तोच नियम आहे. संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, म्हणून पारणे पंचमीला. पंचमीची तिथी असल्याने हिरवी भाजी नव्हतीच. निवडणे, चिरणे आणि त्याचा पसारा आपोआप टळला. गट्ट्याची भाजी, पापडाची भाजी, कढी, पुरी, भात आणि मूगडाळीचा शिरा, एवढेच ठरले. पावसाळ्यात पक्वान्नाचा काळ 15 दिवसांचा मानतात. म्हणून गुळपापडी पर्युषण बसण्याच्या दोन दिवस आधीच करून डब्यात भरली. पर्वाच्या दिवसांत आरंभ वाढला नाही आणि काळही चुकला नाही.

साता विचारण्यास येणाऱ्या 64 जणांच्या आम्ही आठ-आठांच्या आठ पंगती केल्या. सकाळी 11 ते सायंकाळी 5, दर पाऊण तासाला एक पंगत. प्रत्येक घरी दूरध्वनी करून वेळ सांगितली. कोणी रागावेल ही भीती होती. उलट दोघा-तिघांनी, “बरे झाले, दुकान सांभाळून येता येईल,” असे म्हटले. शेवटची पंगत सूर्यास्ताच्या बरीच आधी उठत असल्याने चौविहार करणाऱ्यांचीही सोय झाली.

पहाटे पाण्याचे पातेले चढवले. पावसाळ्यात उकळलेल्या पाण्याचा काळ तीन प्रहरांचा. म्हणून एकदाच मोठे पातेले न भरता पहाटे एकदा व दुपारी एकदा पाणी उकळावयाचे ठरले. परंतु परातीत पाणी निवत ठेवले की पुऱ्या लाटावयास जागा नाही, ही अडचण आली. शेजारच्या मराठे वहिनी गॅलरीतून हे पाहत होत्या. आदल्याच दिवशी त्यांच्या घरी गणपती बसले होते. त्या म्हणाल्या, “आमच्या घरीही सध्या कांदा-लसूण नाही. शेगडी धुऊन दिली तर चालेल का?” आम्ही आमचीच भांडी नेली, पाणी त्यांच्याकडे उकळले आणि गाळून त्यांच्याच खिडकीपाशी निवले. लालबागच्या त्या गर्दीत दोन घरांचे दोन उत्सव एका शेगडीवर शेजारी नांदले.

नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटे. सव्वासातच्या सुमारास घरातील आम्हा सहा जणांसमक्ष सुनेने नवकार गणून पारणे केले. यंदा भरवणारे दोघेच होते : तिचे आजेसासरे आणि तिची आई. इतरांनी हात जोडून अनुमोदना करावयाची, हे आधीच सांगून ठेवले होते.

तपस्वीसाठी केलेले दोन पदार्थ येथे देते. 1 वाटी अख्खे मूग 6 वाट्या पाण्यात मऊ शिजवून ते पाणी गाळून घ्यावे. त्यात मीठ व चिमूटभर सुंठपूड घालावी. हे कोमट पाणी प्रथम अर्धी वाटीच द्यावे. राबेसाठी 1 चमचा तुपात 1 चमचा कणीक मंद आचेवर बदामी भाजावी, दीड वाटी गरम पाण्यात विरघळवून गाळलेला 2 चमचे गूळ हळूहळू ओतून ढवळावे, आणि सुंठ व गंठोड्याची पूड घालून एक उकळी आणावी. पाणी एकदम ओतल्यास गुठळ्या होतात. पहिल्या दिवशी अन्न थोडे, पातळ आणि पुनःपुन्हा द्यावे. शिरा व तळलेले पदार्थ तिच्या ताटात नकोत. मधुमेह वा अन्य औषधोपचार चालू असल्यास तपापूर्वी आणि पारण्यापूर्वी वैद्यांना अवश्य विचारावे.

कढीविषयी एक सूचना. कच्च्या दही-ताकात बेसन कालवले की द्विदलाचा दोष लागतो. म्हणून ताकात चमचाभर तांदळाचे पीठ मिसळून ते मंद आचेवर सतत ढवळीत पूर्ण तापवावे, म्हणजे फुटत नाही. त्यानंतरच पाण्यात कालवलेले बेसन घालावे. आम्ही कढी दोनदा केली आणि शिरा एकेक किलो डाळीच्या रव्याचा दोनदा परतला. पुऱ्या मात्र प्रत्येक पंगतीला ताज्या. सायंकाळी पातेल्यात चार वाट्या कढी उरली. ती आम्ही व मराठे वहिनींच्या मुलांनी सूर्यास्तापूर्वी संपवली. रात्रीसाठी काही ठेवावे लागले नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण हे सातवे व्रत आहे, आणि बाह्य तपांत ऊनोदरीही आहे. आपल्या धर्माने मोजमाप आधीच शिकवले आहे. लहान घर ते विसरू देत नाही, इतकेच. जागा अपुरी म्हणून पाहुण्यांना दूर ठेवू नये, आणि जागा अपुरी म्हणून सामर्थ्याबाहेर मंडपही घालू नये. वेळ वाटून घ्यावी, पदार्थ कमी करावेत, शेजाऱ्यांचे साह्य घेण्यात संकोच करू नये. सभागृहाचे वाचलेले पैसे आम्ही जीवदयेच्या खात्यात दिले.

त्या दिवशी शेवटची पंगत उठल्यावर थोरली सून ओटा पुसत होती. चार वर्षे ओठांवर असलेले शब्द मी तेव्हा उच्चारले : “त्या दिवशी तुझ्या तपापेक्षा मला माझ्या मोठेपणाची काळजी अधिक होती. मिच्छामि दुक्कडम्.” तिने फडके बाजूला ठेवून मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी मी करीन अठ्ठाई. पण पारणे इथेच.”

यंदा पर्युषण जवळ येत आहे. वही पुन्हा काढली आहे.