फॉर्च्युनर, क्रिस्टा आणि मागची सीट

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी सकाळी मावसभावाचा फोन. मी अजून चहासुद्धा घेतला नव्हता.

"अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, जरा हिशोब करून दे. फॉर्च्युनर घ्यावी म्हणतोय."

माझी झोपच उडाली. दादा आमचा छत्रपती संभाजीनगरला (२०२३ पर्यंतचं औरंगाबाद, घरात अजून तेच तोंडात येतं) गेली पंधरा वर्षं टुरिस्टच्या गाड्या चालवतो. मालकाच्या इंडिकावर सुरुवात केली, आता मालकाच्याच इनोव्हावर आहे. पाहुणे सगळे बड्या हॉटेलांतले. जपानी, युरोपियन, दिल्ली-मुंबईचे पैसेवाले, सुट्टीला आलेले एनआरआय. चिकलठाणा विमानतळावरून उचलायचं, एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, परत सोडायचं. हॉटेलचा ट्रॅव्हल डेस्कवाला दादाला नाव घेऊन बोलावतो. त्यानेच म्हणे सांगितलं, "स्वतःची चांगली गाडी आण, सीझनला महिन्याचे पंधरा दिवस काम माझं." बस्स, दादाच्या डोक्यात किडा शिरला.

इथवर ठीक होतं. पण डाउन पेमेंटसाठी मावशीच्या नावावरची फुलंब्रीकडची दीड एकर जमीन गहाण टाकायचं चाललं होतं. मावशी काही बोलली नाही. संध्याकाळी वहिनीचा वेगळा फोन आला. "भाऊजी, तुम्ही सांगितलं तर ऐकतील ते." हे असलं ऐकलं की मला घाम फुटतो. प्रॉडक्शनला कोड टाकताना फुटतो तसला.

मग आपल्या जमातीला जे येतं ते मी केलं, एक्सेल उघडलं. आठ गाड्या, चौदा कॉलम, प्रत्येक कॉलमला वेटेज. मायलेज, मेंटेनन्स, रिसेल, जागा, पॉवर आणि हो, "इम्प्रेशन" नावाचा एक कॉलम, त्याला शंभरातले वीस. हायक्रॉस पहिली आली, फॉर्च्युनर थोडक्यात दुसरी. स्कोडा सुपर्बसुद्धा टाकली होती, प्रेमापोटी. ती आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची, २०२३ ला ते बंद झालं. मी फाइल सेव्ह केली आणि स्वतःवर जाम खूश झालो.

ती फाइल आता फेकून दिली आहे. कशी, ते सांगतो.

योगायोगाने त्याच सुमारास आमच्या क्लायंटकडचे एक साहेब बायकोसकट पुण्याला आले होते. दोघंही साठीच्या पुढचे, साहेबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना अजिंठा बघायचं होतं आणि सोबत कोण, तर मी. मी दादालाच बुक केलं, मालकाच्या क्रिस्टासकट. म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी दादा गाडी घेणार, तसलं गिऱ्हाईक अख्खा दिवस मला जवळून बघायला मिळालं. एक्सेलमध्ये असा कॉलम नसतो हो.

पहिली गोष्ट हॉटेलच्या पोर्चमध्येच घडली. बाई मधल्या रांगेत बसल्या, दार लावलं आणि सीटबेल्ट ओढला. अडकवायला जागाच सापडेना! मालकाने हौसेने पांढरीशुभ्र कव्हरं घातलेली, त्यांच्या खाली बक्कल गडप झालेलं. दादा खाली उतरला, कव्हर वर केलं, बोटं घालून बक्कल उकरून काढलं. दोन मिनिटं गेली. बाई हसून "नो प्रॉब्लेम" म्हणाल्या, पण त्या दोन मिनिटांत त्यांनी नवऱ्याकडे जे बघितलं ते मी बघितलं. आपल्याकडे मागे बेल्ट लावणं म्हणजे ड्रायव्हरवर अविश्वास दाखवणं असा काहीतरी समज आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री पालघरजवळ गेले, तेही मर्सिडीजच्या मागच्या सीटवर, बेल्ट न लावता. त्यानंतर दोन आठवडे सगळे बोलले, मग विसरले. बाहेरून आलेला माणूस मात्र गाडीत बसल्यावर सगळ्यात आधी तेच शोधतो. पन्नास लाखाच्या गाडीत ते सापडलं नाही, तर पन्नास लाख कुठे दिसणार त्याला?

दुसरी गोष्ट गुडघा. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर. फुलंब्री, सिल्लोड, मग घाट उतरून फर्दापूर. वाटेत दोनदा थांबलो, म्हणजे साहेब तीनदा चढले-उतरले फक्त जाताना. क्रिस्टाची उंची अशी आहे की माणूस आधी बसतो आणि मग पाय आत घेतो. सुपर्बमध्ये त्यांना खाली बुडावं लागलं असतं आणि उठताना हात द्यावा लागला असता. फॉर्च्युनरला आधी पायरीवर पाय, मग वरचं हँडल धरून स्वतःला वर खेचायचं. आमदारसाहेबांना जमतं ते, सवयीने. शिवाय फॉर्च्युनरला मधल्या रांगेत सलग बाक. इनोव्हात तिथे दोन सुट्या खुर्च्या मिळतात आणि मधून मागे जाता येतं. दोन माणसं शंभर किलोमीटर जाऊन शंभर किलोमीटर परत येणार असतील, तर हा फरक मामुली नाही.

आता ते "इम्प्रेशन". अजिंठ्याला जे गेलेत त्यांना माहीत आहे की फर्दापूरच्या टी-पॉइंटला खाजगी गाड्या थांबतात. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर सगळ्यांनी एसटीच्या बसने जायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी! तुम्ही मर्सिडीजमधून या नाहीतर वडापमधून, पुढे तीच बस. माझ्या एक्सेलमधले वीस मार्क तिथे टी-पॉइंटच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभे होते :)

आणि पॉवर? दादाच्या गाडीला पिवळी पाटी. पिवळ्या पाटीला ८० चा स्पीड गव्हर्नर. समृद्धीवर शेजारून लोक १२० ने जातात (आणि काही जण त्याहून जास्त, ते वेगळं), दादा आपला ८० वर. त्या इंजिनात किती घोडे आहेत याची किंमत मोजून मग त्यांना पागेत बांधून ठेवायचं, हे मला पटलं नाही. साहेबांना तर वेगाचं काही पडलेलंच नव्हतं. सिल्लोडच्या अलीकडे एका ट्रकवाल्याला दादाने मुकाट जाऊ दिलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी खांदे सैल सोडून मागे टेकलेलं मी पाहिलं.

हे लिहिताना कबूल करायला हवं की फॉर्च्युनरची हवा आपल्याकडे खरीच आहे. महाराष्ट्रात पांढरी फॉर्च्युनर मागून आली की लोक आपोआप बाजूला होतात. आणि औरंगाबादकरांना तर मोठ्या गाडीचं वेड जुनं. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. देशभर बातम्या झाल्या. दादा तेव्हा नुकताच ड्रायव्हिंगला लागलेला, तो आजही ती गोष्ट काल घडल्यासारखी सांगतो. पण त्या गाड्या घेणारे स्वतः मागे बसणार होते. दादाच्या गाडीत मागे बसणार तो कोणी ओसाकाचा किंवा म्युनिकचा, त्याला आपली आमदारकीची भाषा कशी कळणार? त्याच्या लेखी ती एक उंच गाडी.

परत आल्यावर मी नवीन हिशोब केला, या वेळी कागदावर. दादाचेच आकडे. अजिंठ्याला दिवसाचे कमीत कमी २५० किलोमीटर धरतात, २० रुपयांनी ५,००० होतात. वेरूळचं आठ तास-८० किलोमीटरचं पॅकेज ३,५०० ला. महिन्याचे पंधरा दिवस, त्यातले आठ अजिंठ्याचे, सात वेरूळचे, झाले ६४,५००. गाडी प्रत्यक्षात पळते २,३०० किलोमीटरच्या आत. डिझेल साधारण १९० लिटर, ९० च्या भावाने १७,०००. उरले सत्तेचाळीस हजार आणि वर काही.

दादाने एक क्रिस्टा बघून ठेवली होती, २०२१ ची, पिवळ्या पाटीचीच, लाखभर किलोमीटर झालेली, साडेचौदा लाखांना. त्याच्याकडे साठवलेले साडेचार आहेत. दहा लाखांचं कर्ज, जुन्या गाडीला व्याज जास्त म्हणून १२ टक्के धरलं, पाच वर्षं. हप्ता २२,२४४. हातात पंचवीस हजार. त्यातून इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग. थोडं ओढाताणीचं आहे, पण जमेल.

फॉर्च्युनर ऑनरोड पंचेचाळीस धरली. जमीन गहाण टाकून आणि साठवलेलं घालून दहा भरले, पस्तीसचं कर्ज, नवी म्हणून १० टक्के. हप्ता ७४,३६५. हॉटेलवाला जास्तीत जास्त दीडपट देईल, असं दादाच म्हणाला. म्हणजे ९६,७५०. डिझेल वजा करा, हप्ता वजा करा. उरतात साडेपाच हजारांच्या आत. हे ऑक्टोबर ते मार्चचं, सीझनचं. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत वेरूळ बघायला कोण येतंय? आणि जमिनीचा हप्ता यात अजून धरलेलाच नाही.

हायक्रॉसबद्दल मात्र माझं मन अजून थोडं अडकलेलं आहे. गाडी क्रिस्टापेक्षा सरस आहे, असं माझं स्पष्ट मत. क्रिस्टाला खाली ट्रकसारखी चासी. रिकामी असली की मागे बसणाऱ्याला बारीक बारीक हादरे जाणवतात. हायब्रिड हायक्रॉस पोर्चमध्ये येते ती आवाजही न करता, तिसरी रांग जमिनीत सपाट दुमडते, बॅगा मावतात. (बॅगा! टपावर कॅरिअर लावून बॅगा बांधल्या की या लोकांचा अर्धा जीव वरतीच असतो. आणि सीएनजीची टाकी टाकून डिकी घालवणाऱ्यांनी या धंद्यात येऊच नये.) पण हायब्रिड वरच्या मॉडेलमध्ये पस्तीस लाखांच्या आसपास जाते. लोक म्हणतात मायलेजमध्ये पैसे निघतात. रोज तीनशे किलोमीटर पळणाऱ्याचे निघत असतीलही. दादाची गाडी महिन्याला २,३०० पण पळत नाही, बाकी वेळ ती उभी असते. १२ च्या जागी १६ चं अॅव्हरेज मिळालं तर पन्नासेक लिटर वाचतील, त्यात पुन्हा ते पेट्रोल. आणि वाढीव प्रत्येक दहा लाखांना महिन्याचा हप्ता एकवीस हजारांनी वाढणार. दादाकडे स्वतःचे वीस लाख असते तर मीच त्याला हायक्रॉसच्या शोरूममध्ये घेऊन गेलो असतो. इलेक्ट्रिकचंही बोललो, पण रात्री अकराला "उद्या पहाटे मुंबई विमानतळ" असा फोन येतो, त्या वेळी गाडी किती चार्ज आहे हे बघत बसायची दादाची तयारी नाही. माझीही नसती.

एक तिसरा मार्ग कुणीतरी दादाला सुचवला होता. पांढऱ्या पाटीची जुनी मर्सिडीज घ्यायची, बारा-तेरा लाखांत मिळते, आणि गुपचूप चालवायची. यावर मात्र मी आवाज चढवला. खाजगी गाडीचा इन्शुरन्स भाड्याच्या प्रवाशाला लागू होत नाही. उद्या घाटात काही झालं, मागे परदेशी पाहुणा, आणि कंपनीने हात वर केले तर दीड एकर काय, मावशीचं राहतं घरसुद्धा पुरणार नाही. दादा गप्प बसला. मग म्हणाला, "तसं मीही करणार नव्हतोच." असेल.

पण खरं भांडण पैशावरून झालंच नाही. दादा शेवटी म्हणाला, "पंधरा वर्षं दुसऱ्याची गाडी पुसली. स्वतःची घ्यायची तर ती पण सेकंडहँडच?" यावर माझ्याकडे काय उत्तर असणार? मी पुण्यात एसी ऑफिसात बसून त्याला पंचवीस हजार आणि पाच हजारांतला फरक समजावत होतो. त्याला फरक कळत नव्हता असं थोडंच आहे! मला एवढंच म्हणता आलं की दादा, त्या साहेबांनी जाताना तुझा नंबर लिहून घेतला, गाडीचं मॉडेल कोणीच विचारलं नाही. तो हसला, पण मनापासून नाही.

पुढचे चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी वहिनीचा आला की जमिनीचे कागद परत कपाटात गेलेत.

तर आता असं ठरलंय. सोमवारी अजिंठा बंद असतं, येत्या सोमवारी दादाला बुकिंग नाही. मी रविवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. ती २०२१ ची क्रिस्टा दादाच्या ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून खालून बघायची, सर्व्हिस रेकॉर्ड मागायचं, फिटनेस आणि परमिटचे कागद तपासायचे. मागचा एसी पूर्ण जोरात लावून अर्धा तास उन्हात उभी करायची. टायर चारही बदलावे लागतील असं फोटोवरून वाटतंय, तेवढे पैसे किमतीत तोडून मागू. सीट कव्हर नवीन शिवायची आहेत, बक्कलच्या जागी भोकं ठेवून. आणि मी एक काम मुद्दाम अंगावर घेतलंय. दादा चालवेल आणि मी मागे बसून सिल्लोडपर्यंत जाऊन येईन. वहिनी म्हणाल्या, मी पण येते.