रक्त मोजलंत, आता हिशोब द्या

महाबळेश्वर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला काय आठवतं? स्ट्रॉबेरी, भाजलेला मका, घोडे आणि पॉइंट. गोऱ्या साहेबानं १८२८-२९ च्या सुमाराला हे ठाणं वसवलं, तेच मुळी आजारी गोऱ्यांना हवापालट मिळावी म्हणून. म्हणजे जन्मापासूनच हे आरोग्याचं ठिकाण. कुणाच्या आरोग्याचं, हा सवाल तेव्हा कुणी केला नाही. आज आपण करू.

बाजारपेठेतून खाली उतरा. तापोळ्याला या. समोर शिवसागर. कोयनेचं धरण झालं, पाणी चढलं, नदीकाठची जमीन बुडाली आणि माणसं डोंगराच्या कडेला चिकटून राहिली. वीज शहरांना गेली, पाणी इथं तुंबलं. पलीकडं कांदाटी खोरं. तालुका महाबळेश्वरच, पण तिकडं टुरिस्ट जात नाही. तिकडचा माणूस लाँचनं, होडीनं, नाहीतर रान तुडवत अलीकडं येतो. शेजारच्या जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, हे वाचून २०२२ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टानं आपणहून दखल घेतली. त्याच २०२२ साली ह्याच महाबळेश्वर तालुक्यातल्या दरे गावचे एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. दऱ्याला हेलिकॉप्टर उतरायला लागलं. एकाच पाण्याच्या काठावर एकीकडं हेलिकॉप्टर, एकीकडं वल्हं. ह्याला विकास म्हणायचं असतं.

आता जुलै महिना धरा. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख. रात्र. बाई अडली. पोर झालं, रडलं. घरातले सुटले म्हणाले. आणि बाईच्या अंगावरून जायला लागलं.

बाळंतपणात बाई मरते ती पुष्कळदा अशी, पोर झाल्यावर. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त फिरत असतं. वार पडली की गर्भाशयानं मुठीसारखं आवळून घ्यायचं, म्हणजे उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते आवळलं नाही, सैल पडलं, तर नळ उघडा राहिला. दोन तासांत खेळ खलास. आणि जी आधीच फिकी, पंडुरोगी, तिला तेवढं रक्तही जावं लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बाया रक्तानं कमी निघाल्या. जगात दरसाल हजारो बाया ह्या एका कारणानं जातात.

ह्याच्यावर इलाज आहे का? आहे. आणि तो शोधायला जग फिरायला नको. महाबळेश्वरात उगम पावलेली कृष्णा वाई, कराड, सांगली करत बेळगाव जिल्ह्यात शिरते. तिच्या काठाकाठानं गेलात तरी पोचाल.

बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ ह्या काळात एक प्रयोग झाला. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज, सोबत अमेरिकेतलं विद्यापीठ, पैसा अमेरिकन सरकारच्या संशोधन संस्थेचा. घरी नाहीतर उपकेंद्रात नर्सबाईच्या हातून बाळंत होणाऱ्या १,६२० बाया निवडल्या. ८१२ जणींना बाळंत झाल्याझाल्या मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली. हे औषध मूळचं पोटातल्या अल्सरवरचं, पण गर्भाशय आवळतं. उरलेल्या ८०८ जणींना दिसायला तशीच, पण बिनऔषधाची गोळी दिली. कुणाला कुठली, ते ना बाईला माहीत ना नर्सबाईला. २००६ साली 'लॅन्सेट' ह्या इंग्लंडच्या साप्ताहिकात निकाल छापून आला. बिनऔषधाच्या गटात शंभरातल्या १२ जणींना जादा रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात सहा-साडेसहा जणींना. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आलं.

ह्या कामात आणखी एक साधन पक्कं झालं. बाईच्या खाली पसरायचं प्लास्टिक, त्याला खाली पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. तोपर्यंत रक्त किती गेलं ते नजरेनं ठरवायचे. बेळगावच्याच डॉक्टरांनी नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. नजरेचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी निघाला.

मित्रांनो, हा आकडा पाठ करून ठेवा. शिकलेल्या, ट्रेनिंग घेतलेल्या माणसाच्या नजरेला बाईचं रक्त तिसऱ्या हिश्श्यानं कमी दिसतं. ही झाली नुसत्या नजरेची गोष्ट. त्या नजरेवर जातीचा चष्मा चढला की किती कमी दिसत असेल, ते मोजायला अजून कुणी पिशवी काढली नाही.

आता आपल्यातला एक भाऊ उठून म्हणेल, म्हणजे आमच्या बाया उंदीर झाल्या! अमेरिकेच्या पैशानं गोरगरिबांवर प्रयोग, आठशे जणींना खोटी गोळी! बंद करा हे धंदे!

थांब भावा. तुझा राग खरा आहे, पण तो नीट जागी टाकू. त्या वेळी डॉक्टरांचं उत्तर काय होतं? बायांची संमती घेतली होती, आणि ह्या बायांना नाहीतरी कुठलंच औषध मिळत नव्हतं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन गुणकारी आहे हे जगाला ठाऊक होतं. पण ते २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, फ्रिज लागतो, वीज लागते, टोचणारा हात लागतो. खेड्यातल्या बाळंतिणीच्या उशाशी ह्यातलं काही नव्हतं. म्हणून खोटी गोळी देऊन तिचं काही काढून घेतलं असं होत नाही, असा तो युक्तिवाद.

हे 'नाहीतरी' कुणी तयार केलं? उपकेंद्रात फ्रिज नाही, नर्सबाईला अधिकार नाही, गावाला रस्ता नाही, ही काय देवाची करणी? स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षं उलटून गेल्यावरही ज्या बाईला काहीच मिळत नाही, तिच्या त्या 'काहीच नाही'वर शास्त्राची आकडेमोड उभी राहिली. मुंबईच्या मोठ्या खाजगी हॉस्पिटलात आठशे बायांना खोटी गोळी देऊन बघा म्हणावं. होईल? गुन्हा प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांच्या आधी त्या 'नाहीतरी'चा आहे. आणि तो अजून चालू आहे.

म्हणून संशोधन बंद करा ही आपली मागणी नाही. संशोधन बंद झालं तर मरणार कोण? आपलीच आई-बहीण. ही गोळी फ्रिजशिवाय टिकते, इंजेक्शन लागत नाही. म्हणजे ती कांदाटीसारख्या खोऱ्यासाठीच शोधल्यासारखी आहे. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिला बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. २०१३ साली भारत सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या की दुर्गम भागात, जिथं घरी बाळंतपणं होतात, तिथं ही गोळी आधीच पोटुशी बाईच्या घरी पोचवावी. २०२३ साली आफ्रिकेतल्या चार देशांतल्या दोन लाखांवर बाळंतपणांचा निकाल आला. तसल्याच रेघांच्या पिशवीनं रक्त मोजलं, जादा दिसताच सगळे उपाय एकदम केले, तर मोठा रक्तस्राव, त्यापायीचं ऑपरेशन आणि मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी घटतात. बेळगावच्या बायांचं रक्त असं जगाच्या कामी आलं.

मग आमच्या कामी कधी येणार? शास्त्रासाठी ज्यांनी अंग दिलं, त्यांना शास्त्राचं फळ मिळालंच पाहिजे. ही भीक नाही. थकलेली मजुरी आहे.

कुणी म्हणेल, ह्यात जात कुठून आणता? रक्त सगळ्यांचं लाल. ऐकायला छान. मग आकडे जातवार का छापत नाही? माता मृत्यूचं सरकारी पत्रक निघतं. २०१८-२० चा आकडा: एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता मेल्या, महाराष्ट्रात ३३. वा, महाराष्ट्र पुढारलेला! पण त्या ३३ मध्ये बौद्धवाड्यातल्या किती, मातंगवस्तीतल्या किती, कातकरी किती? पत्रक राज्यवार आहे, जातवार नाही. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाचा अहवाल आला. भारतातली दलित बाई सवर्ण बाईपेक्षा सरासरी १४.६ वर्षं आधी मरते, असं त्यात आहे. म्हणजे मोजायचं ठरवलं की जात दिसते.

आणि बाळंतपणाला जात नाही म्हणणाऱ्यांनी सांगावं, गावोगाव सुईण कोण होती? नाळ कापायची कुणी? मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या म्हाताऱ्यांनी. पाटलाच्या घरचा वंश ह्यांच्या हातावर जन्मला, आणि हात धुऊन बाहेर पडताना ह्यांची सावली विटाळ. पिढ्यानपिढ्यांचं ते ज्ञान कुणी वहीत उतरवलं नाही. उलट 'अडाणी दाई' म्हणून तिलाच बाळंतिणीच्या मरणाची धनी ठरवलं. आज बाई सरकारी दवाखान्यात जाते, तिथं कळा सोसताना ऐकावं लागतं, 'तेव्हा नाही का ओरडलीस?' वाडा सुटला, जीभ तीच राहिली.

बाबासाहेबांना हा प्रश्न किती जवळचा होता बघा. चौदावं अपत्य ते. आई भीमाबाई ह्याच साताऱ्यात गेल्या, भिवा पाच-सहा वर्षांचा असताना. पुढं रमाईची चार लेकरं गेली. ते दुःख त्यांनी घरात कोंडून ठेवलं नाही, कायद्यात आणलं. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणी-कारखान्यातल्या बाईला बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी म्हणून ते उभे राहिले. बाळंतिणीची विश्रांती ही देशाची गरज आहे, तिचा भार मालकानं आणि सरकारनं उचलावा, ही त्यांची भूमिका. १९२९ ला मुंबई प्रांतात कायदा झाला. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षानं आणला, सभागृहानं पाडला. १९४३ साली मजूरमंत्री म्हणून खाणीतल्या बाळंतिणींच्या कायद्याची दुरुस्ती त्यांनीच मांडली. आणि आपण? बाळंतपण म्हटलं की 'बायकांचा विषय' म्हणून बिडी पेटवायला बाहेर. आपल्या चळवळीतल्या पोरांनीही हे ऐकून घ्यावं.

तर आता काय करायचं? घोषणा पुष्कळ झाल्या. कामं सांगतो.

एक. माहितीच्या अधिकारात सातारा जिल्हा परिषदेला अर्ज टाका. २०१३ च्या सूचनेप्रमाणं कांदाटीच्या आणि कोयनाकाठच्या किती गर्भार बायांच्या घरी गोळी पोचली? रात्री बाई अडली तर बोट कुठली, चालवणारा कोण, डिझेलचा पैसा कुणाचा? अर्ज एकानं नको, शंभरानं टाका.

दोन. माता मृत्यूचे आकडे जातवार छापा, ही मागणी प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात पहिल्या पाचात आली पाहिजे.

तीन. जिथं जिथं गरीब बायांवर औषधाचा प्रयोग होईल, तिथं निकाल त्या बायांच्या भाषेत, त्यांच्या वस्तीत येऊन सांगायचा. औषध ठरलं की पहिलं त्या जिल्ह्याला फुकट. हे लिहून दिल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

चार. १४ एप्रिलला आपण गल्लोगल्ली रक्तदान शिबिरं घेतो. बाटल्या जातात कुठं, ते विचारा. आपलं रक्त शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात संपतं, की तालुक्याच्या दवाखान्यात पावसाळ्याच्या रात्री बाळंतिणीसाठी दोन बाटल्या थंड ठेवलेल्या असतात? पुढच्या शिबिराच्या आधी रक्तपेढीकडून हे लेखी घ्या. नाही दिलं तर दुसरी रक्तपेढी बघा.

बेळगावच्या १,६२० बायांनी पिशवीत पडलेला थेंब न् थेंब मोजू दिला. मोजणाऱ्यांचे पेपर झाले, नावं झाली. होऊ देत. आता मोजायची पाळी आपली.

जय भीम.