आधी कागद करा, मग लोगो

आमच्या हॉस्टेलमध्ये रात्रीच्या मॅगीबरोबर महिन्याला एक तरी कंपनी जन्माला येते. नाव ठरतं, लोगो ठरतो, सीईओ कोण यावरून भांडणही होतं. आणि एक वाक्य तर ठरलेलंच, "प्रायव्हेट लिमिटेड काढायची!" का, असं विचारलं तर उत्तर एकच, भारी वाटतं.

आता ताजं उदाहरण बघा. आमच्यातल्या एकाचं घर काशीदला आहे, अलिबाग-मुरूड रस्त्याला लागून. तिथल्या चार खोल्या पर्यटकांना द्यायच्या, जेवण घरचंच. घर याच्या वडिलांचं, पैसे दुसऱ्याचे, बुकिंगची वेबसाइट तिसऱ्याची. काशीदमध्ये असे घरगुती धंदे पुष्कळ. बहुतेकांचा मालक एकच माणूस, म्हणजे कायद्याच्या नजरेत धंदा आणि मालक वेगळे नाहीतच. धंद्याचं कर्ज ते त्याचंच कर्ज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. अशा वादळात पत्रे उडतात, कर्ज काही उडत नाही!

आमच्या तिघांना वाटतं की कंपनी काढेपर्यंत आपलं काहीच ठरलेलं नाही. पण १९३२ चा भागीदारी कायदा वेगळंच सांगतो. एकत्र धंदा करून नफा वाटून घ्यायचं तोंडी ठरलं तरी भागीदारी झाली. हिस्सा ठरवला नसेल तर नफा-तोटा समसमान, मग पैसे घालणारा आणि नुसती वेबसाइट करणारा दोघे सारखेच. शिवाय फर्मच्या सगळ्या देण्याला प्रत्येकजण पूर्ण जबाबदार.

यातली खरी मेख आपल्या प्लेसमेंटमध्ये आहे. समजा एकाला नोकरी लागली आणि तो बंगलोरला गेला. त्याच्या मते तो सुटला. पण बाहेर पडल्याची जाहीर नोटीस दिली नसेल, तर त्याला भागीदार म्हणून ओळखणाऱ्या किराणावाल्याची पुढची उधारीही त्याच्या गळ्यात येऊ शकते. फर्मची नोंदणी सक्तीची नाही हे खरं, पण ती नसेल तर बुकिंगचे पैसे बुडवणाऱ्या एजंटवर फर्मला दावा लावता येत नाही.

मग प्रायव्हेट लिमिटेड का नको? उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट, दरवर्षी फॉर्म, आणि वार्षिक फॉर्म उशिरा भरला तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये. एवढं करून 'लिमिटेड' जबाबदारी मिळते म्हणावं, तर छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागतेच! २००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी मधला मार्ग आहे. त्यात जबाबदारी मर्यादित असते, आणि उलाढाल ४० लाखांच्या व भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर ऑडिटची सक्ती नाही. वार्षिक फॉर्म मात्र तिथेही चुकत नाहीत.

माझ्या मते चार खोल्या आणि माशाच्या थाळीसाठी नोंदणी केलेली साधी भागीदारी पुरे. घर वडिलांच्याच नावावर ठेवावं आणि फर्मने त्यांच्याशी भाडेकरार करावा. उद्या बनाना बोट घ्यायची झाली तर मात्र एलएलपी बघा, आणि विमा तर हवाच. कारण लाइफ जॅकेट न देता ज्याने माणसं बोटीत बसवली, त्याला स्वतःच्या निष्काळजीपणातून एलएलपी सोडवत नाही. कंपनीचा विचार बाहेरचा कोणी भांडवल घालायला आला की करावा. (आपले सर लोक याला 'स्केलेबल नाही' म्हणतील. नसू दे. सगळ्यांनाच इन्फोसिस काढायची नसते.)

कोण किती घालणार, सही कोणाची चालणार, आणि मध्येच कोणी गेला तर त्याच्या हिश्श्याचं काय, एवढं कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू व्हायच्या आधी लिहून काढा, असं मी तिघांना सांगितलंय. सध्या ते लोगोतलं सुरूचं झाड बदलून नारळ करावा का, यावर चर्चा करताहेत.