लोणार सरोवराचा जमाखर्च

वाचकहो, घरचा जमाखर्च आपण दरमहा मांडीत असालच. आज एका सरोवराचा जमाखर्च पाहू.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने काळ्या कातळात पडलेल्या, सुमारे १·८ किलोमीटर व्यासाच्या विवरात वसले आहे. त्यात पाणी येते ते मुख्यतः दोन वाटांनी. पावसाळ्यात कड्यांवरून उतरणारे पाणी ही पहिली वाट. दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाही. भोवतालच्या पठारावरील पाऊस कातळाच्या भेगांतून मुरतो आणि पुढे झऱ्यांच्या रूपाने कड्यांतून पाझरत राहतो. गोमुखाची प्रसिद्ध धार हे त्याचेच दृश्य रूप होय.

पाणी बाहेर जाण्यास मात्र येथे ना ओढा, ना नदी. खर्च होतो तो उन्हाच्या हातून. ऊन पाणी उचलून नेते, क्षार मागे ठेवते. युगानुयुगे साचलेल्या या क्षारांनीच सरोवर खारे व अल्कधर्मी झाले. झऱ्याकाठी गोड्या पाण्यावर वृक्षवेली वाढतात. थोड्याच अंतरावर, सरोवराच्या खाऱ्या पाण्यात, हिरवी शैवाले सुखाने नांदतात.

हा तोल किती नाजूक आहे, हे जून २०२० मध्ये सर्वांनी पाहिले. पाणी आटले, क्षारांचे प्रमाण वाढले आणि हिरवे सरोवर गुलाबी झाले! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा ही क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याची किमया असल्याचे आढळले. त्याच वर्षी लोणारची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळांत झाली.

पठारावरील विहिरी व कूपनलिका बेसुमार उपसल्या, तर झरे रोडावतील. उलट गोडे पाणी वा सांडपाणी प्रमाणाबाहेर आत शिरले, तर खाऱ्या पाण्यातील जीवांचे घरच मोडेल. म्हणून पाणथळाचे रक्षण केवळ काठाला कुंपण घालून होत नाही. ज्या भूमीत त्याचे पाणी मुरते, तीही राखावी लागते.

आपल्या गावी तळे असेल, तर भर वैशाखात मुलांना घेऊन ते पाहावयास जा. कोठे काठ पाझरताना दिसला, तर समजावे की मागील पावसाचे पाणी भूमीतून अजून तेथे पोचत आहे. आपल्या विहिरीचा झराही कदाचित त्याच साठ्यातून वाहत असेल.