आवाजाचा जमाखर्च

एक वस्तू घेतली की तिच्यामागून दुसरी वस्तू घरात शिरते, हा बाजाराचा जुना नियम आहे. मोबाइलमागून त्याचे कव्हर येते, दुचाकीमागून तिचे सीटकव्हर येते, आणि अलीकडे हेडफोनमागून ॲम्प्लिफायर येऊ लागला आहे. "नवा ओपन-बॅक हेडफोन घेतलास ना? मग ॲम्प्लिफायरशिवाय त्याचा खरा आवाज तुला कळायचाच नाही," असे कोणीतरी छातीठोकपणे सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. काल रात्रीपर्यंत गोड वाटणारी गाणी आज सकाळी फिकी वाटू लागतात. हेडफोन तोच असतो, कानही तेच असतात. बदललेला असतो तो फक्त मनातला विश्वास.

वसतिगृहात हा वाद मराठीतून आणि कानडीतून सारख्याच जोराने चालतो. मला मात्र हा प्रश्न सरळ विचारला गेला तो सुरतेहून. तिथल्या कतारगाम भागात माझा मावसभाऊ हिऱ्याच्या कारखान्यात रत्नकलाकार आहे. साठवलेल्या पैशांतून त्याने असा हेडफोन घेतला आणि मला म्हणाला, "तू कॉमर्सचा. हिशेब कर आणि सांग, ॲम्प्लिफायर घेऊ की नको?" त्याची मजुरी नगावर ठरते, आणि २०२३ व २०२४ या वर्षांत हिऱ्यांच्या बाजारातल्या मंदीने अनेक कारागिरांच्या हातचे काम कमी झाले. तेव्हा प्रश्न हौसेचा असला तरी उत्तर जबाबदारीने द्यायला हवे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक विद्यार्थ्यांकडे जे हेडफोन असतात त्यांना वेगळ्या ॲम्प्लिफायरची गरज नसते. काही थोड्या हेडफोनांना ती खरोखरच असते. आपला हेडफोन कोणत्या गटातला, हे दुकानदाराला विचारण्याची गरज नाही. डब्यावर छापलेले दोन आकडे आणि शाळेत शिकलेला ओहमचा नियम एवढ्या भांडवलावर ते कळते.

प्रथम वस्तू समजून घेऊ. साध्या हेडफोनची पाठ बंद असते. ओपन-बॅक हेडफोनची पाठ जाळीची असते. पडद्यामागची हवा मोकळी राहते, त्यामुळे आवाज कोंडल्यासारखा वाटत नाही, गाणे डोक्याच्या आत न वाजता थोडे बाहेर वाजल्याचा भास होतो. या जातीचा पहिला हेडफोन सेनहायझर या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये एचडी-४१४ या नावाने बाजारात आणला. त्याचा रोध २००० ओहम होता. आजच्या अनेक हेडफोनांचा रोध ३२ ओहमच्या आसपास असतो, काहींचा ३०० ओहम असतो. "ओपन-बॅक म्हणजे ॲम्प्लिफायर हवाच" हा समज कदाचित जास्त रोधाच्या हेडफोनांमुळे रूढ झाला असावा. पण पाठ उघडी असण्याचा आणि जास्त शक्ती लागण्याचा परस्परांशी थेट संबंध नाही.

दुसरी गोष्ट अशी की ॲम्प्लिफायर आपल्याकडे आधीपासून असतोच. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या ज्या खाचेत आपण हेडफोन जोडतो, तिच्यामागे एक छोटा ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. ज्या मोबाइलला गोल खाच उरलेली नाही, त्याला आपण बोटभर लांबीची जोडणी लावतो. अशा बहुतेक जोडण्यांच्या पोटातही तो असतो. म्हणजे खरा प्रश्न "ॲम्प्लिफायर लावावा का?" हा नसून "पहिला पुरत असताना दुसरा कशासाठी?" हा आहे. प्रश्न असा मांडला की निम्मे धुके तिथेच विरते.

आता आकडेमोड. हेडफोनच्या डब्यावर रोध आणि संवेदनशीलता हे दोन आकडे असतात. संवेदनशीलता म्हणजे १ मिलिवॅट शक्ती दिली असता किती डेसिबल आवाज निघतो तो आकडा. फिलिप्सचा एसएचपी-९५०० हा परवडणारा ओपन-बॅक हेडफोन घ्या: रोध ३२ ओहम, संवेदनशीलता १०१ डेसिबल. चांगल्या छोट्या जोडणीतून सुमारे १ व्होल्ट मिळतो. व्होल्टचा वर्ग भागिले रोध म्हणजे शक्ती. १ भागिले ३२, म्हणजे सुमारे ३१ मिलिवॅट. शक्ती दसपट झाली की १० डेसिबल वाढतात, या हिशेबाने ३१ मिलिवॅटला १५ डेसिबल वाढतात. एकूण झाले ११६ डेसिबल. इतका आवाज कोणी शहाणा माणूस ऐकत नाही. इथे दुसरा ॲम्प्लिफायर म्हणजे भरलेल्या घागरीवर ओतलेले पाणी.

दुसरे उदाहरण ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी-६०० सारख्या हेडफोनचे. अशा हेडफोनची संवेदनशीलता ९७ डेसिबल धरली, तर त्याच १ व्होल्टला ३.३ मिलिवॅट आणि सुमारे १०२ डेसिबल मिळतात. फिल्मी गाण्याला हे पुरते. पण शास्त्रीय मैफलीच्या ध्वनिमुद्रणात सरासरी आवाज हळू असतो आणि तबल्याची एखादी थाप त्याच्या वीस डेसिबल वर जाते. तिथे हात तोकडा पडू शकतो. जोडणी अर्ध्याच व्होल्टची असेल तर नक्कीच पडतो. तिसरे उदाहरण हायफायमॅन कंपनीच्या एचई-६ या हेडफोनचे. रोध अवघा ५० ओहम, पण संवेदनशीलता ८३.५ डेसिबल. १ व्होल्टला तो ९७ डेसिबलही गाठत नाही. त्याला ताकदीचा ॲम्प्लिफायर हवाच. यावरून हेही दिसते की नुसता ओहमचा आकडा पाहून निर्णय देता येत नाही. दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात.

याशिवाय एक सूक्ष्म मुद्दा आहे आणि तो मान्य करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या यंत्राला हेडफोन जोडायचा त्याचा स्वतःचाही अंतर्गत रोध असतो. हेडफोनचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. खर्जाच्या एका पट्ट्यात तो बराच वाढतो. समजा, एरवी ३२ ओहमचा हेडफोन खर्जात ८० ओहमचा होतो. यंत्राचा रोध १ ओहम असेल तर या बदलाने आवाजात जेमतेम ०.२ डेसिबलचा फरक पडतो, तो कानाला कळत नाही. पण यंत्राचा रोध १२० ओहम असेल तर खर्ज साडेपाच डेसिबलनी फुगतो आणि गाणे घुमू लागते. जुन्या स्टिरिओ यंत्रांत असे मोठे रोधक हेडफोनच्या खाचेपुढे लावलेले आढळतात. यंत्राचा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशापेक्षा जास्त नसावा, हा व्यवहारातला ठोकताळा त्यातूनच आला. खाच अशी सदोष असेल, किंवा संगणकातून सतत खरखर ऐकू येत असेल, तर वेगळ्या यंत्राचा खर्च सार्थकी लागतो.

मग ॲम्प्लिफायर लावल्यावर ज्यांना आवाज "खुलला", "भरला" असे वाटते ते सगळे खोटे बोलतात का? मुळीच नाही. त्यांना फरक खरोखर ऐकू येतो. फक्त त्याचे कारण वेगळे असते. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढला की खर्ज भरून येतो. नवा ॲम्प्लिफायर बहुधा थोडा मोठ्याने वाजतो. तो मोठेपणा आपल्याला मोठेपणा म्हणून जाणवत नाही, गोडवा म्हणून जाणवतो. म्हणून तुलना करायची तर दोन्हीकडचा आवाज आधी अगदी सारखा करून घ्यावा आणि कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता मित्राकडून बदलून घ्यावे. अमेरिकेतल्या स्टिरिओ रिव्ह्यू मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात स्पीकरच्या ॲम्प्लिफायरांवर अशीच चाचणी प्रसिद्ध केली होती. सुमारे सव्वादोनशे डॉलरांपासून बारा हजार डॉलरांपर्यंतची यंत्रे तीत होती, आणि ऐकणाऱ्यांना त्यांतला फरक खात्रीने ओळखता आला नाही. पैसे मोजल्यावर कान मालकाची बाजू घेतात. ज्याची किंमत चुकती केली ते चांगलेच असणार, हे मन आधीच ठरवून बसलेले असते.

कतारगामच्या माणसाला हे पटवायला हिऱ्याइतका चांगला दाखला नाही. घंटीवर घासल्याने हिऱ्याचे वजन वाढत नाही, उलट बऱ्याचदा निम्म्याहून अधिक घटते. पैलू पाडून कारागीर त्यात मुळात असलेले तेज मोकळे करतो. आणि दसपट दाखवणारे भिंग डोळ्याला लावले म्हणून हिरा स्वच्छ होत नाही, त्यातला डाग तेवढा मोठा दिसतो. ॲम्प्लिफायर हे या भिंगाचेच भावंड. ध्वनिमुद्रण वाईट असेल तर तो वाईटपणा मोठा करून ऐकवील; जे मुळात नाही ते आणून देणार नाही.

आणि कतारगाममध्ये तर अडचण वेगळीच आहे. हिऱ्याचे कारखाने, भरतकामाची यंत्रे, औद्योगिक वसाहत आणि अरुंद गल्ल्यांतली वाहने या सगळ्यांचा आवाज दिवसभर चालू असतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून गाणे जसे बाहेर जाते तसा बाहेरचा गोंगाटही आत येतो. दिवाळीत मात्र हिऱ्याचे कारखाने साधारण तीन आठवडे बंद होतात, हजारो कारागीर भावनगर, अमरेलीकडे आपल्या गावी जातात आणि परिसर एरवीपेक्षा शांत होतो. भाऊच म्हणाला, की दिवाळीत हाच हेडफोन याच मोबाइलवर सुरेख वाजत होता. कारखाने सुरू झाले आणि तो फिका पडला. याचा अर्थ उघड आहे. कमी पडत होती ती शक्ती नव्हे, शांतता.

इथे ॲम्प्लिफायर घेणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय धोक्याचे आहे. गोंगाटावर मात करण्यासाठी माणूस आवाज वाढवतो, आणि ताकदीचे यंत्र हाताशी असले की त्या वाढीला मर्यादा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. त्यानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. हाच आवाज ९० डेसिबल झाला की मर्यादा ४ तासांवर येते. दहा डेसिबलच्या वाढीसाठी वेळेची शिल्लक एक दशांश होते, असे व्याज कोणता सावकारही लावत नसेल. कानाच्या आतल्या नाजूक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जो दिवसभर यंत्राजवळ बसतो त्याच्या खात्यातून तर कारखान्यातच रक्कम वजा झालेली असते.

परिव्ययशास्त्रात मर्यादक घटक नावाची कल्पना आपण शिकतो. ज्या घटकामुळे उत्पादन अडते त्यावरच आधी पैसा लावावा. कच्चा माल नसताना आणखी एक यंत्र विकत घेतले तर उत्पादन वाढत नाही, फक्त घसारा वाढतो. ऐकण्याच्या व्यवहारातही हेच तत्त्व लागू आहे. ध्वनिमुद्रण, हेडफोन, खोलीतली शांतता आणि ॲम्प्लिफायर या साखळीतली कमजोर कडी कोणती ते आधी पाहावे. भावाच्या हिशेबात हेडफोनचे दोन्ही आकडे समाधानकारक निघाले, म्हणून मी त्याला ॲम्प्लिफायर नको म्हणून कळवले. त्याऐवजी गल्लीकडची खिडकी बंद करावी, रात्री कारखाने थांबल्यावर ऐकावे, आणि दिवसाच ऐकायचे असेल तर पुढेमागे बंद पाठीचा साधा हेडफोन घ्यावा, हा माझा सल्ला. त्याला तो फारसा रुचला नाही, कारण हौस हिशेबाला घाबरत नाही. पण पैसे अजून त्याच्याच खिशात आहेत.

हौस करू नये असे माझे म्हणणे नाही. संगीतावर खर्च केलेला पैसा वाया गेला असे मी कधीच म्हणणार नाही. ज्याच्या हेडफोनला खरोखर शक्ती कमी पडते त्याने जरूर ॲम्प्लिफायर घ्यावा आणि मनसोक्त ऐकावे. मात्र आपल्याला काय कमी आहे, हे विकणाऱ्याने ठरवू नये. वाणिज्य शाखेत तीन वर्षे काढून आपण डब्यावरचे दोन आकडे वाचणार नसू, तर आपल्या ताळेबंदाला अर्थ काय? खर्चापूर्वी एक भागाकार करायला फार तर दोन मिनिटे लागतात.