गाडीतच मुक्काम, सफर सावकाश

सुट्टी लागली की आपल्या घरांतून सफरीचे बेत सुरू होतात. चार दिवसांत आठ ठिकाणे. पहाटे निघायचे, रात्री उशिरा पोचायचे, मध्ये कुठे तरी घाईने दोन घास खायचे. परत आल्यावर मोबाइलमध्ये ढीगभर फोटो असतात आणि दादीचे गुडघे सुजलेले असतात. आता समृद्धी महामार्गही झाला आहे. 701 किलोमीटरचा हा रस्ता आपल्या सिन्नर-इगतपुरीकडून जातो आणि मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा देतो. कामाला किंवा दवाखान्यात जाणाऱ्यांची मोठीच सोय झाली. पण सुट्टीची सफरही त्याच वेगाने करायची का?

काही कुटुंबे दुसरी वाट धरत आहेत. व्हॅनमध्ये अंथरूण-पांघरूण, लहान शेगडी, पाण्याचा कॅन घ्यायचा, दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरच जायचे आणि मन रमेल तिथे थांबायचे. राज्य सरकारनेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यासाठी महागडी गाडीच हवी असे नाही. मोठ्या व्हॅनची मागची सीट पाडली तर दोघा-तिघांची झोपायची सोय होते, बाकीच्यांसाठी एखादी खोली घेता येते. मात्र गाडीच्या रचनेत कायमचा बदल करायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी.

सावकाश सफरीचा सर्वात मोठा दाखला आपल्याला इब्ने बतूताच्या आयुष्यात मिळतो. 1325 मध्ये तो तंजाहून हजला निघाला आणि जवळजवळ तीस वर्षे फिरत राहिला. मध्येच दिल्लीत काही वर्षे काझी म्हणून राहिला, मालदीव बेटांतही काझी झाला. 1342 मध्ये दिल्लीहून चीनकडे निघाल्यावर तो आपल्याच भागातून, दौलताबाद आणि नंदुरबारवरून गेला. दौलताबादेत द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने केली. नंदुरबारचे लोक तांदूळ, भाजी आणि तिळाचे तेल खातात, हेही लिहून ठेवले. किल्ला तर कोणीही पाहतो. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे हे थांबणाऱ्याला कळते.

नाशिक ते खुलताबाद अंतर साधारण 180 किलोमीटर. सकाळी जाऊन रात्री परतणारे पुष्कळ आहेत. गेल्या हिवाळ्यात आम्ही या वाटेला चार दिवस दिले. पहिला मुक्काम निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरजवळ केला. गोदावरी-कादवाच्या या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रात सर्वात आधी. फजरनंतर पक्षी पाहायला बाहेर पडलो, तर शेताकडेला ऊसतोड कामगारांच्या खोपी दिसल्या. बैलगाड्या उभ्या होत्या, चुली पेटल्या होत्या. माझ्या मुलीच्या वयाची एक मुलगी कडेवर लहान भावाला घेऊन उभी होती. "तू कितवीत आहेस?" मुलीने विचारले. तिने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "गावाकडं होती चौथीत. इथं कुठली शाळा?" बैलगाडीत संसार घेऊन महिनोन् महिने बाहेर राहणे ही या कुटुंबांची हौस नव्हे, मजबुरी आहे. स्थलांतरित मुलांच्या शिक्षणावर शाळेत आम्ही कागद भरतो. माझ्या मुलीने तो प्रश्न त्या दिवशी समोर पाहिला, आणि पुढचा तासभर ती मला त्याबद्दलच विचारत होती.

येवल्यात दुसरा मुक्काम केला. घाईत गेलो असतो तर पैठणीचे दुकान पाहून निघालो असतो. वेळ होता म्हणून माग पाहिला, एका पदरासाठी विणकराचे किती दिवस जातात ते ऐकले. खुलताबादला मलिक अंबरच्या मकबऱ्यापाशी मुलांनी त्याची कहाणी विचारली. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा निजामशाहीचा वजीर कसा झाला, त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, कसे वसवले, हे सांगायला संध्याकाळ हाताशी होती. वेरूळ दुसऱ्या दिवशी, आरामात.

अशा सफरीचे फायदे रोजच्या व्यवहारातही दिसतात. लॉजचे भाडे वाचते, डिझेल कमी लागते. हलाल जेवणाची शोधाशोध राहत नाही. नमाजची वेळ झाली की गाडी थांबवता येते. म्हाताऱ्या माणसांना पाय मोकळे करता येतात. कसरबाबत मात्र निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे, कारण सफरीचे अंतर आणि मुक्कामाचे दिवस यांचे नियम हनफी आणि शाफई मतात वेगळे आहेत.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. गाडीत शेगडी आली म्हणजे सफरीतही स्वयंपाक आपल्याच गळ्यात, असे होता कामा नये. आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते की सकाळचा चहा-नाश्ता अब्बा करतील, भांडी मुले घासतील आणि एका वेळी एकच पदार्थ शिजेल. आईला सुट्टी मिळाली नाही तर ती सफर घरातल्या इतरांची झाली, तिची नव्हे.

काळजीही घ्यावी. बंद गाडीत शेगडी कधीच पेटवू नये. एसीसाठी इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून झोपू नये, विषारी वायूने जीव जाऊ शकतो. रात्रीची जागा उजेडी आणि वर्दळीची असावी. पेट्रोल पंप, ओळखीचा ढाबा किंवा मशिदीचे आवार चालेल, पण तिथल्या जबाबदार माणसाला विचारूनच. कचरा पिशवीत भरून परत आणावा.

पहिल्या वेळी दोनच रात्रींचा बेत करा आणि एकच दिशा निवडा. यादीतली दोन ठिकाणे राहिली तर राहू द्या. दादी "जरा थांबा रे" म्हणाली की गाडी थांबवता येईल, एवढी सवड मात्र बेतात असू द्या.